गाडी देते किती?

नवी गाडी दारात आली की पेढा तोंडात टाकण्याआधी आपल्याकडे एक प्रश्न येतो : "देते किती?" रंग कोणता, किंमत काय, कर्ज कोणत्या बँकेचे, हे सगळे नंतर. मीही जन्मभर हाच प्रश्न विचारत आलो. स्कूटर होती तेव्हा टाकी काठोकाठ भरायची, आकडा डायरीत टिपायचा, पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. बेचाळीस आले की दिवस बरा जायचा. अडतीस आले की मेकॅनिककडे जाऊन "कार्ब्युरेटर बघा हो जरा" असे काकुळतीला येऊन सांगायचे. तेहतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, पण जन्मात मनापासून केलेले गणित एवढेच.

त्यामुळे बंगळूरला स्थायिक झालेल्या चिरंजीवांनी, "बाबा, आता पेट्रोलची गाडी नको," असा हुकूम काढून विजेची गाडी आमच्या पार्किंगमध्ये आणून उभी केली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच माझा घोटाळा झाला. गाडीच्या पडद्यावर एक आकडा येत असे. मी चालवली की १७१, सौ.ने चालवली की १२८. मी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या नानांना गाठून म्हटले, "माझ्या हातात एकशेएकाहत्तर देते. हिच्या हातात एकशेअठ्ठावीसच." नाना आ वासून बघत राहिले. त्यांची गाडी सतरा देते.

रात्री मुलाचा फोन आला. तो आधी हसला आणि मग त्याने मला शिकवणी दिली.

"बाबा, ते ॲव्हरेज नाही. एक किलोमीटर जायला किती वॉट-अवर वीज खाल्ली, त्याचा आकडा आहे तो. जितका कमी तितका चांगला."

"म्हणजे तुझी आई..."

"आई तुमच्यापेक्षा चांगली चालवते. हो."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज एकदम थांबला. आमच्या घरात फोन नेहमी स्पीकरवर असतो.

पेट्रोलच्या गाडीला आपण विचारतो, एका लिटरात किती किलोमीटर? युरोपातला माणूस उलटे विचारतो, शंभर किलोमीटरला किती लिटर? वाटते एकच, पण एक नव्हे. दहा देणारी गाडी बारा द्यायला लागली तर शंभर किलोमीटरमागे दीड लिटरहून थोडे जास्तच पेट्रोल वाचते. वीस देणारी पंचवीस द्यायला लागली, तर वाचतो फक्त एक लिटर. पेढे मात्र आपण पंचविसाचे वाटणार! या फसगतीवर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल या दोघांनी २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात निबंधच लिहिला. मला निदान एवढे समाधान मिळाले की, फसणारा मी एकटा नव्हतो.

आता इतिहासाच्या मास्तराला नवा आकडा दिसला की, त्याचे मूळ गाव कोणते, आजा-पणजा कोण, हे बघितल्याशिवाय त्याला झोप येत नाही. म्हणून मी शोध घेतला. वॉट-अवरमधले वॉट म्हणजे आपले जेम्स वॉट. किटलीच्या झाकणाच्या गोष्टीतले. पाठ्यपुस्तकात त्यांना किटलीपुढे बसवून ठेवले आहे, पण खरा वॉट पक्का व्यवहारी होता. त्याने आणि भागीदार बोल्टनने कॉर्नवॉलच्या खाणींतून पाणी उपसायला इंजिने दिली आणि अट घातली की, जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आमचा. वाचलेल्या कोळशाचा! म्हणजे जो जळलाच नाही त्याचे बिल. ते कसे मोजणार? त्यांनी इंजिनाच्या तुळईवर एक मोजयंत्र बसवले. तुळई वरखाली झाली की, आकडा एकाने पुढे. आणि त्या यंत्राला कुलूप. किल्ली खाणवाल्याला मिळत नसे.

खाणवाले अर्थातच कुरकुरले. ज्या यंत्राची किल्ली आपल्याकडे नाही, त्याचा आकडा खोटा, हा मनुष्यजातीचा फार जुना सिद्धान्त आहे. आमच्या इमारतीत दर महिन्याला विजेचे बिल आले की, तो जिन्यात नव्याने मांडला जातो.

वॉटचे पेटंट १८०० साली संपले. मग गंमत झाली. हिस्सा द्यायचा नाही म्हटल्यावर कोळशाचा हिशेबही कोणी नीट ठेवीना आणि इंजिनांची निगाही राहीना. तेव्हा १८११ पासून जोएल लीन नावाच्या गृहस्थाने दर महिन्याला एक पत्रक काढायला सुरुवात केली. कोणत्या खाणीतल्या कोणत्या इंजिनाने एक बुशेल कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर उचलले, त्याचे कोष्टक. याला ते लोक इंजिनाची 'ड्यूटी' म्हणत. 'देते किती'चा हा छापील पूर्वज. शाळेत निकालाचा तक्ता भिंतीवर लावल्यावर होते तेच झाले. ज्याचे इंजिन खाली, तो इंजिनिअर मान खाली घालून फिरू लागला. कोणी बॉयलर सुधारला, कोणी वाफेच्या नळ्यांना बाहेरून जाड गोधड्या बांधल्या, कोणी शेजारच्या खाणीत जाऊन गुपचूप बघून आला. सुरुवातीला पावणेदोन-दोन कोटींच्या घरात असलेला आकडा पंचवीसएक वर्षांत उत्तम इंजिनांच्या बाबतीत आठ-दहा कोटींवर गेला. आणि त्याबरोबर लबाडीही आली. परीक्षेच्या दिवशी निवडक कोळसा घालायचा, इंजिन आधी घासूनपुसून तयार ठेवायचे आणि आकडा छापून आणायचा. तसल्या आकड्यांवरून खूप भांडणे झाली.

आमच्या गाडीच्या जाहिरातीत एका चार्जिंगमध्ये तीनशेच्या वर किलोमीटर छापले आहेत. प्रयोगशाळेतल्या रुळांवर, ठरलेल्या वेगाच्या वेळापत्रकाने घेतलेल्या परीक्षेचे ते गुण आहेत. परीक्षा प्रामाणिकच असते. फक्त तिच्या अभ्यासक्रमात आमच्या गल्लीतले खड्डे नसतात. रस्त्यावर मला मिळतात दोनशे-सवादोनशे. पोरगा घरी पाठ म्हणून दाखवतो आणि वर्गात उभा केल्यावर त्त-प्प करतो, ते मी तेहतीस वर्षे पाहिले आहे. मला त्याचा राग येत नाही.

'वॉट' हे नाव विल्यम सीमेन्सने १८८२ च्या ऑगस्टमध्ये सुचवले आणि पुढच्याच महिन्यात, ४ सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून एडिसनने वीज विकायला सुरुवात केली. वीज विकायची तर मोजायला हवी. एडिसनच्या मीटरवर काटाही नव्हता आणि आकडाही नव्हता. जस्ताच्या क्षाराचे पाणी भरलेल्या बरणीत जस्ताच्या पट्ट्या. वीज गेली की, एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर जाऊन बसायचे. महिन्याकाठी माणूस यायचा, पट्ट्या काढून न्यायचा, ऑफिसात तराजूवर तोलायचा आणि वजनावरून बिल! हिवाळ्यात बरणी गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीत एक दिवा ठेवलेला असे, थंडी पडली की आपोआप लागणारा. गिऱ्हाइकाला त्यातले काही म्हणजे काही वाचता येत नसे. कुलूपवाल्या वॉटच्या परंपरेतलेच हे.

आणि आपण बिलावर जे 'युनिट' म्हणतो, ते म्हणजे हजार वॉट एक तास. विलायतेत त्याला बोर्ड ऑफ ट्रेडचे युनिट म्हणत. साहेबाबरोबर शब्द इकडे आला, बोर्ड ऑफ ट्रेड वाटेत गळाले आणि युनिट उरले. इतके उरले की, "आमचे या महिन्यात दोनशे आले" म्हटले की, पुढचे कोणाला सांगावे लागत नाही. म्हणून मी माझ्यापुरते सोपे केले. १२८ वॉट-अवर म्हणजे शंभर किलोमीटरला पावणेतेरा युनिट. दुधाच्या हिशेबासारखे झाले की डोक्यात बसते.

सौ.ने खरोखरच तो दुधाच्या हिशेबासारखा ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्याच चौकोनात. तिने पहिल्याच महिन्यात चोरी पकडली. "अहो, गाडी म्हणते तीस युनिट घेतली. आपला मीटर म्हणतो तेहतीस. तीन कुठं सांडली?" सांडली ती वाटेत, चार्जरच्या आणि बॅटरीच्या उष्णतेत. दूध तापवताना थोडे पातेल्याला लागतेच, तसे. गाडी आपल्याला पोटात गेलेले सांगते, पानात वाढलेले नव्हे. शिवाय सकाळी पार्किंगमधून बाहेर पडताच आकडा चारशे दाखवतो, त्यानेही मी आधी घाबरत असे. उन्हात तापलेली गाडी थंड करायला एसी सगळा जोर लावतो आणि अंतर झालेले असते जेमतेम दोनशे मीटर. खर्च मोठा, भागाकाराला अंतर एवढेसे. पाच-सात किलोमीटर गेल्यावर आकडा माणसात येतो.

एवढे ज्ञान मिळवून मी स्वतःला तज्ज्ञ समजू लागलो होतो. तेवढ्यात कर्जतला जायचे निघाले.

कर्जतला आमचे जुने घर. वडील रेल्वेत गार्ड होते. ताई त्या घरात एकटी राहायची. ऐंशी उलटले, गुडघे गेले, तेव्हा शेवटी ती पुण्याला आमच्याकडे यायला तयार झाली. एका रविवारी तिला आणायला मी आणि सौ. निघालो. पुणे ते कर्जत पंचाण्णव किलोमीटर. बॅटरी तीस युनिटांची, भरलेली.

खंडाळ्याच्या घाटात गाडी उतरू लागली आणि आकडा उतरू लागला. चाळीस, वीस, शून्य आणि मग उणे. उणे साठ! मी पायही लावत नव्हतो. पडद्यावर एक हिरवी पट्टी उलटी चालली होती, चाकांकडून बॅटरीकडे. मोटर जनित्र झाली होती, गाडी स्वतःच्या वजनाने खाली येत होती आणि त्या वजनाची वीज करून पोटात घालत होती.

मी गाडी बाजूला घेऊन उभी केली. सौ. म्हणाली, "काय झालं? बरं वाटत नाही का?"

मला वाटत होते ते असे. मी सातवीत असेन. जेवताना बाबा एकदा म्हणाले, "आपल्या घाटात इंजिन उतरताना वीज परत देतं. आपण खाली येताना तारेत वीज सोडतो, ती वर चढणाऱ्या गाडीला मिळते." मी ते दुसऱ्या दिवशी वर्गात छातीठोकपणे सांगितले. शास्त्राचे मास्तर म्हणाले, "विजेचं इंजिन वीज खातं, ओकत नाही." वर्ग हसला. मी घरी येऊन, आई-ताईसमोर बाबांना म्हणालो, "तुम्ही थापा मारता." बाबा काही बोलले नाहीत. डबा घासून ठेवला आणि ड्यूटीवर गेले. त्यांनी पुन्हा कधी माझ्याजवळ इंजिनाची गोष्ट काढली नाही. १९८७ साली ते गेले.

आता इतिहास सांगतो. मुंबईत पहिली विजेची गाडी १९२५ साली धावली आणि १९२९ साली वीज घाट चढून पुण्याला पोचली. बोरघाटाचा चढ सदतिसास एक. मालगाड्यांसाठी लांब नाकाची इंजिने आणली होती, त्यांना आपल्याकडे 'खेकडा' म्हणत. या खेकड्यांत घाट उतरताना वीज तारेत परत लोटण्याची सोय होती. त्याही आधी, १८९० नंतरच्या दशकात, पॅरिसच्या क्रिगर नावाच्या गृहस्थाने आपल्या विजेच्या बग्ग्यांत हीच युक्ती केलेली होती. म्हणजे माझ्या शास्त्राच्या मास्तरांच्या कितीतरी आधीपासून इंजिने बिनबोभाट वीज ओकत होती. आणि मी, इतिहासाचा मास्तर, हे वाचले कधी? तर निवृत्त झाल्यावर, गाडीच्या निमित्ताने. डोळ्यांनी बघितले त्या दिवशी.

कर्जतला पोचलो तेव्हा बॅटरी साठ टक्के. बारा युनिट खर्च झाली होती, अठरा शिल्लक. पडद्यावर लिहिले होते : अजून १४३ किलोमीटर जाईल. पुणे पंचाण्णव. मी खूश. सौ. म्हणाली, "ताईंच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर दोन-तीन तास लावून ठेवा." मी म्हटले, "गरज काय? पंचाण्णव जायचंय, एकशेत्रेचाळीस आहे."

"ते येतानाचं आहे. जाताना घाट चढायचाय."

मी ऐकले नाही. तेहतीस वर्षे इतिहास शिकवूनही मला कळले नाही की, पडद्यावरचे ते किलोमीटर भविष्य नसते. मागे आपण कसे आलो, त्यावरून केलेला तो भागाकार असतो. उतरून आलेल्या गाडीला सगळे जग उताराचेच वाटते.

ताई, ताईची ट्रंक, देवांचे डबडे आणि लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन निघालो. खोपोली मागे पडली आणि चढ लागला. १४३ चे १२०, ९५, ७०. एक किलोमीटर पुढे गेलो की, तीन-चार किलोमीटर गळत होते. खर्चाचा आकडा ३३०. नंतर कागदावर मांडले ते असे : गाडी, तीन माणसे आणि ट्रंक मिळून साधारण सोळा-सतराशे किलो. खोपोलीहून लोणावळा साडेपाचशे मीटर उंच. एवढे वजन एवढे नुसते उचलायलाच अडीच युनिट. पुढे जायचा खर्च वेगळा, रविवारच्या गर्दीत उभ्या गाडीच्या एसीचा वेगळा. कॉर्नवॉलच्या इंजिनाने पाणी उचलले, मी लोणच्याच्या बरण्या उचलत होतो. हिशेब तोच.

ताई मागून म्हणाली, "बाबांच्या गाडीला घाटात मागून बँकर लावायचे ढकलायला. तुझ्या गाडीला कोण आहे रे?"

लोणावळ्याला पस्तीस टक्के. पडदा म्हणाला, ४५ किलोमीटर. पुणे पासष्ट. चार्जिंगच्या जागी तीन गाड्या आधीच रांगेत, त्यातल्या एकीतले कुटुंब चादर पसरून जेवायला बसलेले. ताईला रात्री आठची औषधे, ती ट्रंकेच्या तळाशी. मला घाम फुटला, कारण एसी मी केव्हाच बंद केला होता.

तेव्हा सौ.ने पर्समधून कॅलेंडरचे फाडलेले पान काढले. "पडद्याकडे बघू नका. आपल्याकडे साडेदहा युनिट आहेत. पुढे चढ नाही. मी सपाटीवर पन्नासने चालवते तेव्हा शंभराला साडेअकरा-बारा लागतात. पासष्टला आठ. सरका तिकडे, मी चालवते."

मी सरकलो. जुन्या रस्त्याने, डाव्या बाजूने, पन्नासच्या वेगाने आम्ही निघालो. ट्रक आम्हाला ओलांडून गेले, ऊस भरलेला एक ट्रॅक्टरही जवळजवळ गेला. शंभरने जाताना हवेला जो खंड भरावा लागतो, तो पन्नासने जाताना किलोमीटरमागे चौथाईवर येतो, हे मला माहीत होते, सौ.ला ते माहीत नसताना येत होते. कामशेत मागे पडल्यावर पडद्याने अंतर हळूहळू वाढवून दाखवायला सुरुवात केली. त्यालाही नवा इतिहास मिळाला होता.

वडगावच्या आसपास मी ताईला म्हटले, "सकाळी घाट उतरताना गाडीने वीज परत दिली. मी बघितली."

"हं," ताई म्हणाली. "बाबा सांगायचे ना."

"तुला खरं वाटायचं?"

"त्यांनी मला ब्रेकव्हॅनमधून नेऊन दाखवलं होतं एकदा. म्हणजे दिसलं काहीच नाही. गाडी नुसती संथ उतरत होती. पण ते म्हणाले, आता बघ, ही वीज वरच्या गाडीला. तुलाही न्यायचं होतं त्यांना. पण तू म्हणालास ना तसं." मग जरा वेळाने, "काच खाली घे थोडी, उकडतंय."

पार्किंगमध्ये शिरलो तेव्हा नऊ टक्के होते. सौ.ने आधी ताईला औषध दिले आणि मग कॅलेंडरवर लिहिले : १९० कि.मी., २७ युनिट. मी ट्रंक उतरवत असताना नाना आलेच. ताईला नमस्कार केला आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "लांब जाऊन आलात म्हणे. मग? दिलं किती?"

या वेळी मी तयारीत होतो. लिटरभर पेट्रोलमध्ये उष्णतेच्या मापाने नऊ युनिटांना थोडीशी कमी ऊर्जा असते. अमेरिकन सरकार गाड्यांच्या काचेवर चिकटवते त्या कागदावर असाच हिशेब करून छापते. वीजकेंद्रात कोळसा जळताना काय काय वाया जाते, ते त्यात धरत नाहीत, ही गोष्ट मी नानांना सांगणारच होतो, पण आधी उत्तर दिले.

"सत्तावीस युनिट म्हणजे तीन लिटरच्या जरा वर. एकशेनव्वद किलोमीटर. घाट धरून बासष्ट दिलं, नाना."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग हसून म्हणाले, "काहीतरी थापा मारता राव!"

ताई जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर दम खायला थांबली होती. ती मोठ्याने हसली.